धुक्याच्या लेकरांचं सरोवर

परदेशात पाऊल ठेवल्या ठेवल्या कुणी तुमचे बूट धुवायला मागितले, तर? न्यूझीलंडच्या विमानतळावर माझं अस्संच झालं! तपासनिसाला माझ्या बुटांच्या खाचांत राजगडची माती दिसली. मातीबरोबर एखादं परकं बी किंवा रोग त्यांच्या जंगलात शिरला तर? म्हणून बूट आत गेले आणि नव्यासारखे चकाचक होऊन परत आले. तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती.

मला जायचं होतं वायकारेमोआना सरोवरावर. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, पूर्वेच्या डोंगरांत हे सरोवर आहे. माओरी भाषेत ‘वाय’ म्हणजे पाणी आणि ‘मोआना’ म्हणजे समुद्र. सुमारे २,२०० वर्षांपूर्वी इथं डोंगराचा एक प्रचंड कडा कोसळला, नदीची वाट बुजली आणि मागं पाणी तुंबत गेलं. दरीतलं जंगल उभंच्या उभं बुडालं. त्या झाडांचे बुंधे काही ठिकाणी अजूनही पाण्याखाली उभे आहेत, बरं का!

काठाकाठानं जाणारी पायवाट आहे ४६ किलोमीटरची. चार दिवस लागतात. मुक्कामाला लाकडी झोपड्या, त्याही आधीच नोंदवून ठेवायच्या. स्टोव्ह, भांडी, जेवण सगळं आपल्याच पाठीवर.

ओनेपोटोहून निघालो तेव्हा ऊन होतं. जानेवारी म्हणजे तिथला उन्हाळाच की! सह्याद्रीत भटकलेला माणूस मी, मला कसली भीती? सुती शर्ट, जीनची पँट आणि पाठीवर सॅक असा थाटात चढू लागलो. पहिल्याच दिवशी पानेकिरेचा कडा लागतो, सरोवरापासून जवळपास सहाशे मीटर उंच. वाट बीच नावाच्या झाडांतून जाते. खोडांवर शेवाळ इतकं, की झाडांनी हिरवे स्वेटर घातलेत असं वाटावं.

मग धुकं आलं. मागोमाग पाऊस आणि वारा. आपल्याकडे जुलैत भिजलं तरी मजा येते. इथं अर्ध्या तासात माझे दात वाजायला लागले. सुती कपडा एकदा भिजला, की अंगातली ऊब शोषून घेतो. बोटं इतकी बधिर झाली, की बुटाची सुटलेली नाडी काही केल्या बांधता येईना. तुम्हाला सांगतो, त्या वेळी मात्र मी घाबरलो. तशीच नाडी फरफटत कसाबसा झोपडीपर्यंत पोहोचलो.

आत शेकोटीजवळ पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आपली लोकरीची टोपी माझ्या डोक्यावर ओढली, कोरडा स्वेटर हातात दिला. त्या तुहोए जमातीच्या होत्या. या लोकांना ‘धुक्याची लेकरं’ म्हणतात. धुक्याच्या लेकरानंच मला धुक्यातून वाचवलं म्हणायचं!

गरम चहा पोटात गेल्यावर त्यांनी सरोवराची गोष्ट सांगितली. माहू नावाच्या माणसानं मुलीला, हाउमापुहियाला, पाणी आणायला सांगितलं. ती ऐकेना. रागाच्या भरात बापानं तिला झऱ्यात बुडवलं आणि ती पाण्यातला प्राणी, तानिफा, झाली. समुद्राकडे जायला तिनं डोंगरांना धडका दिल्या. जिथं जिथं धडकली, तिथं सरोवराचा एकेक फाटा झाला. पण पहाट झाली, उजेड पडला आणि तिचा दगड झाला.

“मग हे जंगल आता तुम्हां लोकांचं ना?” मी विचारलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “त्याचं त्याचंच.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण ते अगदी खरं होतं. १८६०च्या दशकात इंग्रज सरकारनं तुहोए लोकांची बरीच जमीन हिसकावली होती. पुढे १९५४ मध्ये या जंगलाचं, ‘ते उरेवेरा’चं, राष्ट्रीय उद्यान झालं. २०१४ साली सरकारनं तुहोए लोकांची जाहीर माफी मागितली आणि त्याच वर्षी एक कायदा झाला. त्यानुसार हे जंगल कुणाच्याच मालकीचं उरलं नाही. कायद्याच्या नजरेत ते स्वतःच एक व्यक्ती आहे! तुमच्याआमच्यासारखेच त्यालाही हक्क आहेत. त्याच्या वतीनं बोलायला एक मंडळ असतं.

दुसऱ्या दिवशी उतरून काठाशी आलो. बाई तिथून बोटीनं गेल्या. टोपी परत केली, स्वेटर मात्र त्यांनी घेतला नाही. पुढची वाट सोपी होती. बावीस मीटरवरून कोसळणारा कोरोकोरो धबधबा पाहिला. रात्री झोपडीबाहेर अंधारात किवी पक्ष्याची तीक्ष्ण शीळ ऐकली. पक्षी काही दिसला नाही.

शेवटच्या दिवशी, होपुरुआहिने दोन तासांवर असताना, मी एका ओंडक्यावर बसून संत्रं खाल्लं. सालं झाडीत भिरकावायला हात उचलला. राजगडावर तर नेहमीच टाकतो की! तेवढ्यात मनात आलं, मी ही फेकतोय कुणाच्या अंगावर?

सालं खिशात घातली. बोटीत बसेपर्यंत स्वेटरला संत्र्याचा वास येत होता.