यंत्राला श्वास नसतो



उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेखाच्या घराची थोडक्यात हकिगत आहे. त्याचा एक मुलगा युबाल. तंतुवाद्य आणि बासरी वाजवणाऱ्यांचा तो मूळपुरुष. दुसरा तुबल-काइन, तांब्यालोखंडाची हत्यारे घडवणारा. आया वेगळ्या, बाप एक. वाद्य आणि अवजार एकाच घरात वाढले, हे पवित्र शास्त्राने अगदी सुरुवातीलाच नोंदवून ठेवले आहे. गेल्या वर्षभरात या दोन भावांची आम्हाला पुष्कळदा आठवण झाली, कारण आमच्या गायनवृंदातल्या पाच-सहा जणांनी लॅपटॉपवर संगीत तयार करायला शिकायचे ठरवले.

कारण केवळ हौस नव्हते. आमच्या पॅरिशमध्ये चाळीसहून अधिक वर्षे पेटी वाजवणाऱ्या मास्तरांची बोटे आता संधिवाताने वळत नाहीत. आपल्याकडे जुनी मराठी गीते ज्या चालीवर म्हटली जातात, त्या चाली कुठे लिहिलेल्या नाहीत. त्या मास्तरांच्या हातात आहेत. दुसरे असे की बेळगावच्या आसपासच्या आमच्या दोन लहान केंद्रांवर वाजवणारे कोणीच नाही. तिथली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड शिकतात. गीतांचे पुस्तक हातात दिले तर देवनागरी वाचताना अडखळतात आणि मग ओठ मिटून उभी राहतात. चाल गेली, मुले गप्प झाली, की पुढच्या पिढीत गाणार कोण?

‘इलेक्ट्रॉनिक संगीत’ म्हटल्यावर पॅरिशमधल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे लग्नाच्या वरातीतला डीजे होता. पण या संगीताचा इतिहास पाहिला तर तिथेही प्रार्थना सापडते. 1956 साली जर्मनीतल्या कोलोन रेडिओच्या स्टुडिओत कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांनी एक रचना सादर केली. दानिएलच्या तिसऱ्या अध्यायात तीन तरुण धगधगत्या भट्टीत उभे राहून देवाची स्तुती गातात, तेच तिचे शब्द. एका मुलाचा ध्वनिमुद्रित आवाज आणि यंत्रातून निर्माण केलेले नाद त्यांनी एकत्र गुंफले. शब्द मधेच विरतात, मधेच उमटतात. जिथे ते कळतात तिथे देवाची स्तुतीच कळते. पुढे 1968 साली वेंडी कार्लोस यांनी मूग सिंथेसायझरवर बाखच्या रचनांची तबकडी काढली; तिच्यात येशूच्या स्तुतीची कोरल गीतेही होती. त्या वाद्यातून एका वेळी एकच स्वर निघत असे. म्हणून एकेक सूर वेगळा वाजवून, टेपवर एकावर एक रचून ते काम पूर्ण झाले. नवशिक्याने यातून घ्यायचा धडा सोपा आहे: एका वेळी एकच सूर.

आम्हीही तसेच शिकलो. साहित्य बेताचे: एक जुना लॅपटॉप, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, एक साधा मायक्रोफोन आणि उसना आणलेला चार सप्तकांचा मिडी कीबोर्ड. ऑडासिटी आणि एलएमएमएस ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पहिल्याने आवाज मुद्रित करून कापता-जोडता येतो, दुसऱ्याने वाद्यांची रचना करता येते. आवाज मुद्रित करायला स्टुडिओ लागला नाही. सणासुदीला काढायच्या गोधड्या खोलीच्या भिंतींवर टांगल्या, पंखा बंद केला, की घुमारा निम्म्याने कमी. सॉफ्टवेअरमधला काटा शून्याला टेकला तर आवाज फाटतो, म्हणून उणे सहाच्या खालीच ठेवायचा, हे पहिल्याच दिवशी शिकून घेतले.

मग मिडी. 1983 पासून जगभरची वाद्ये ही भाषा बोलतात. मिडीत आवाज नसतो, आज्ञा असते: अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने, इतका वेळ. प्रत्येक पट्टीला क्रमांक असतो, 0 ते 127. मधला सा, म्हणजे पेटीची मधली पांढरी एक, हा 60. त्यामुळे पांढरी पाचमधले गीत लोकांना उंच जात असेल तर सगळे स्वर दोन क्रमांकांनी खाली घ्यायचे. ते पांढरी चारमध्ये येते. लहान केंद्रांवरच्या आयाबायांना कोणता स्वर पोचतो हे आधी विचारायचे आणि मग पट्टी ठरवायची, असा आमचा नेम झाला.

मास्तरांना आम्ही त्या कीबोर्डपुढे बसवले. त्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांनी हळूच चाल काढली, डावा हात सवयीने मागे गेला आणि हवेतच थांबला. “अरे, भाता कुठाय?” त्यांनी विचारले.

आम्ही हसलो, पण प्रश्न खरा होता. पेटीत सुराचा चढउतार भात्यातून येतो, पट्टी किती जोराने दाबली त्यावर नाही. कीबोर्डचे उलट. शेवटी चाल त्यांच्या दोन बोटांनी नोंदवली आणि भात्याचे काम माऊसने केले: प्रत्येक ओळीवर आवाजाची चढती-उतरती रेघ आखायची, मास्तरांनी ऐकायचे आणि “इथे दाब कमी कर बाळा, इथे प्रभूचं नाव येतंय” असे सांगायचे. एका गीताला तीन संध्याकाळी लागल्या. बोटांनी सोडलेले त्यांनी कानाने आमच्या हवाली केले.

दुसरा प्रश्न लयीचा आला. सॉफ्टवेअर मिनिटाला 72 ठोके म्हटले की 72च देते, शेवटपर्यंत. आपले भाविक तसे गात नाहीत. ओळ संपली की थांबतात, श्वास घेतात. म्हाताऱ्या बायका शेवटचे अक्षर लांबवतात आणि सगळे त्यांच्यासाठी थांबतात. यंत्राला श्वास नसतो, त्यामुळे त्याला थांबावे लागते हेच ठाऊक नसते. यावर उपाय असा की आधी माणसांचा आवाज मुद्रित करायचा आणि मग यंत्राची लय ओळीओळीला त्याच्यामागून बसवायची. काम किचकट आहे. पण कोणी कोणाच्या मागे चालायचे, हे त्यातूनच ठरते.

आता मुख्य गोष्ट. तरुणांचे म्हणणे होते की एवढा सुंदर ट्रॅक झाला आहे, तर रविवारच्या मिस्सात लावू या. वडीलधाऱ्यांना भीती होती की मग लोक ऐकत बसतील. फादरांनी दोन्ही बाजू ऐकून आम्हाला वाचायला दिले. पवित्र संगीताविषयी 1958 साली रोमहून निघालेल्या सूचनांमध्ये म्हटले आहे की उपासनेत वाद्य माणसाने स्वतः वाजवलेले असावे. ध्वनिमुद्रण लावू नये. मात्र भाविकांना गीते शिकवण्यासाठी आणि चर्चबाहेरच्या मिरवणुकीत लोकांच्या गाण्याला आधार देण्यासाठी यंत्र चालेल. पुढे 1963 साली व्हॅटिकन महासभेनेही लोकांच्या गाण्याला उत्तेजन द्यावे असेच सांगितले. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी त्या सूचनांतला भेद आम्हाला पटला. मिस्सा ही लोकांनी मिळून करायची प्रार्थना आहे. ती त्यांच्या वतीने स्पीकर करू शकत नाही.

म्हणून आम्ही ट्रॅक सरावासाठी दिले. प्रत्येक गीताचे दोन: एकात शब्द स्पष्ट म्हटलेले, दुसऱ्यात फक्त सूर. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, चौदाव्या अध्यायात, पौल विचारतो की वाद्याने सूर वेगवेगळे काढले नाहीत तर काय वाजते आहे हे कळणार कसे. मुलांसाठी शब्द मुद्रित करताना तोच निकष ठेवला. प्रायश्चित्तकाळाच्या सहा आठवड्यांत त्यांनी ते मोबाइलवर ऐकले, भांडी घासताना, गुरांमागे जाताना.

झावळ्यांच्या रविवारी एका केंद्रावर मिरवणूक निघाली. रस्त्यावर छोट्या स्पीकरवर मास्तरांची चाल वाजत होती. चर्चच्या दाराशी आम्ही स्पीकर बंद केला. अर्धी ओळ सगळे चाचरले. मग एका दहा-अकरा वर्षांच्या मुलीने पुढचा शब्द उचलला, तिच्या मागोमाग आया, मग पुरुष. पेटी नव्हती, ट्रॅक नव्हता, गीत चालू होते. मास्तर त्या दिवशी आले नव्हते. आम्ही ते मुद्रित करून त्यांना ऐकवले. ते म्हणाले, “दुसऱ्या कडव्यात पट्टी घसरली.” आणि पुन्हा लावायला सांगितले.

ज्यांना आपल्या पॅरिशमध्ये हे काम सुरू करायचे आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: महागडी यंत्रे घेण्याआधी तुमच्याकडची वयस्क माणसे गातात ते मुद्रित करून ठेवा. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल. एक गीत घ्या, एका वेळी एक सूर घ्या. बाख आपल्या हस्तलिखितांच्या सुरुवातीला ‘येशू, साह्य कर’ आणि शेवटी ‘केवळ देवाला गौरव’ या अर्थाची लॅटिन आद्याक्षरे लिहीत असे. आम्ही आमच्या फाइलींच्या नावात ती घालतो. संगणकाला त्याचे काही नाही, पण आम्हाला काम कोणाचे आहे ते आठवते.

हे प्रभो, युबालाची वीणा आणि तुबल-काइनचा हातोडा तुझ्याच दानातून आले. आमच्या हातांतली यंत्रे तुझ्या लोकांचा आवाज झाकणार नाहीत असे कर. ज्यांची बोटे थकली त्यांना विसावा दे, आणि ज्यांचे ओठ मिटले आहेत त्यांना पहिला शब्द दे. आमेन.