खोक्याच्या पाठीवरचा पत्ता

ब्लूटूथ स्पीकरचा एक कंटेनर न्हावा-शेव्याला उतरला, की त्याच्यामागे किती कागद फिरतात हे बाहेरच्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. बिल ऑफ एंट्री, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट हे कुठल्याही मालाला असतंच. पण वस्तू रेडिओलहरी सोडणारी असली, की दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचं ईटीए लागतं. हे मॉडेल भारतात मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातच आणि ठरलेल्या ताकदीपर्यंतच लहरी सोडतं, याची ती मान्यता. शिवाय बीआयएसची नोंदणी लागते. स्पीकरची वेगळी, आतल्या बॅटरीची वेगळी, सोबत चार्जर असला तर त्याचीही वेगळी. एवढं सगळं जमल्यावर शेवटी प्रत्येक खोक्यावर लेबल.

मी कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात कागद तपासते. राहायला उरणला. सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर उघडून माल ठेवतात त्या गोदामांमध्ये, माझं जाणं-येणं असतंच. लेबलं तिथेच लागतात. किरकोळ विक्रीसाठी आलेल्या बंद खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, वस्तूचं नाव, नग, महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल हे सगळं माल कस्टममधून सुटण्याआधीच असायला हवं. सुटण्याआधीच लेबल हवं, हा नियम 2000 साली झाला. चीनमधल्या कारखान्यातच हे छापून आलं तर उत्तमच. नाही तर गोदामात, कस्टमच्या ताब्यात माल असतानाच, कार्टन फोडायचे, एकेक खोकं बाहेर काढायचं, स्टिकर लावायचा, परत भरून टेप मारायची.

हे काम बहुतेक ठिकाणी आजूबाजूच्या गावांतल्या बायका करतात. कागदी पुठ्ठे खाली अंथरून ओळीने बसतात. एकजण खोकी काढून देते, दोघी लावतात, एकजण परत भरते. पावसाळ्यात उरणची हवा इतकी दमट असते, की साध्या डिंकाचा स्टिकर संध्याकाळपर्यंत कोपऱ्यातून उचलतो. म्हणून लेबल लावलं की अंगठ्याने मधून कडेला घासत नेतात. कंपनीने छापलेला मजकूर झाकला जाऊ नये, याचीही त्यांना सवय झालेली असते. छपाई रिबनच्या प्रिंटरवर करायची, असा आमचा आग्रह असतो. नुसत्या उष्णतेवर उमटणारा कागद स्वस्त पडतो खरा, पण दुकानाच्या काचेत दोन उन्हाळे काढले की त्यावरची किंमतही जाते आणि फोन नंबरही.

अशाच एका मालात गडबड सापडली, ती कुणा अधिकाऱ्याला किंवा मला नाही. लेबल लावणाऱ्या मावशींना सापडली. त्यांनी दोन खोकी शेजारी धरून मला हाक मारली. ‘‘ताई, याच्यावरचं खालचं लिहिलेलं वेगळं दिसतंय. लेबल एकच लावायचं का दोन्हीला?’’

समोरून दोन्ही सारखीच होती. रंग, मॉडेल, चित्र, सगळं तेच. पाठीवर बीआयएसचं चिन्ह, त्यासोबत मानकाचा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक, तोही दोन्हीवर तोच. पण सगळ्यात खाली बारीक अक्षरात उत्पादकाचा पत्ता होता, आणि तो दोन खोक्यांवर दोन वेगळ्या गावांचा होता.

या आर-नंबरबद्दल व्यापाऱ्यांचा कायमचा गैरसमज असतो. तो नंबर आपल्या कंपनीला मिळाला, असं त्यांना वाटतं. खरं तर तो कारखान्याला मिळतो. एक कारखाना, एक ब्रँड, एक वस्तूप्रकार यांची मिळून एक नोंदणी. त्या कारखान्यात बनलेल्या नमुन्याची भारतातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी होते, मग नंबर मिळतो. तोच माल, त्याच मालकाच्या दुसऱ्या गावातल्या कारखान्यात बनला, तर त्याला हा नंबर चालत नाही. यात मला काहीही जाचक वाटत नाही. आतली लिथियमची बॅटरी कुठे जोडली, डाग कुणी दिला, सर्किट कुठल्या टेबलावर तपासलं, हे कारखान्यागणिक बदलतं. खोकं तेच राहतं.

आयातदाराला फोन केला. त्यांचं म्हणणं, ‘‘अहो मॅडम, कंपनी एकच आहे. ऑर्डर मोठी होती म्हणून त्यांनी थोडा माल शेजारच्या युनिटमधून दिला. लेबल लावा आणि सोडवा. कोण बघतंय पाठीमागचं?’’ चिडून बोलत नव्हते. त्यांची खरीच अडचण होती. सण तोंडावर आलेला, दुकानदारांचे आगाऊ पैसे घेतलेले, आणि कंटेनर अडकला की गोदामाचं भाडं रोज चढतं. तरीही ते पाठीमागचं बघायलाच तर आम्हाला पगार मिळतो. कस्टम ब्रोकरसाठी 2018 ची जी नियमावली आहे, तिच्यात स्पष्ट आहे की गिऱ्हाइकाला नियम पाळायला सांगायचं, आणि ऐकलं नाही तर अधिकाऱ्यांच्या कानावर घालायचं. आमच्या साहेबांनी त्यांना समोर बसवून हे वाचून दाखवलं. मग त्यांनीही ते मानलं.

पुढे सगळे कार्टन उघडावे लागले. नोंदणी असलेल्या कारखान्याचा माल वेगळा काढला, लेबलं लावली, तो सुटला. उरलेल्याला दोनच वाटा होत्या. परत पाठवायचा, नाही तर कस्टमच्या देखरेखीखाली वापरता येणार नाही असा मोडून भंगारात काढायचा. आयातदाराने परत पाठवला. भाडं त्यांच्याच अंगावर पडलं. मला त्यांचं वाईट वाटलं, कारण खोटेपणा पुरवठादाराचा होता.

लहरींच्या पट्ट्याचं प्रकरण याहून वेगळं. तिथे लेबल अगदी खरं असूनही वस्तू इथे चालत नाही. नाशिककडच्या एका द्राक्षबागायतदाराने शेतातल्या हवामान केंद्रासाठी अमेरिकेतून बिनतारी सेन्सर मागवले होते. पानांवरचा ओलावा, तापमान, पाऊस मोजून घरातल्या यंत्राला कळवणारे. वेलीवर डाऊनी रोग येण्याआधी फवारणीची वेळ कळावी, हा हेतू. सेन्सरच्या पाठीवर अमेरिकेच्या मान्यतेचा एफसीसी क्रमांक होता. त्यांना वाटलं, एवढ्या मोठ्या देशाची मान्यता आहे, इथे काय अडचण?

अडचण एका ओळीत होती. सेन्सरवर 915 मेगाहर्ट्झ लिहिलं होतं. अमेरिकेत 902 ते 928 हा पट्टा अशा उपकरणांना मोकळा आहे. आपल्याकडे 890 ते 915 मध्ये मोबाईल फोन टॉवरशी बोलतात. शेतातला सेन्सर त्या पट्ट्यात बोलू लागला, तर त्या परिसरातल्या टॉवरला ऐकू येण्यात व्यत्यय येऊ शकतो, आणि गावातल्या माणसाला फोन का लागत नाही ते कधीच कळणार नाही. आपल्याकडे या कामासाठी 865 ते 868 चा पट्टा मोकळा आहे. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो तोही याच पट्ट्यात. ब्लूटूथ आणि वायफायचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा जगभर जवळजवळ सारखाच, भारतात तो 2005 पासून विनापरवाना आहे, म्हणून स्पीकरला हा प्रश्न येत नाही. परदेशातली मान्यता इथेही चालते, ही लोकांची समजूत त्यावरूनच झालेली असते.

त्या बागायतदाराला मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘‘मग आपल्या पट्ट्यातलं यंत्र मिळतं का?’’ मिळतं. भारताच्या पट्ट्यावर चालणारे, लोरा या बिनतारी पद्धतीचे सेन्सर बनतात, फक्त ऑर्डर देतानाच तसं सांगावं लागतं. आधीचे परत गेले, दुसरे आले. त्यांचं ईटीए निघालं आणि मॉडेल नंबर कागदाशी अक्षरन् अक्षर जुळला. हे जुळणं फार महत्त्वाचं. शेवटी एक डॅश कमी-जास्त असला, तरी तपासणी अधिकारी माल थांबवतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

मी स्वतः एक गोष्ट कधी चुकवत नाही. लेबल छापायला जाण्याआधी त्यावरचा तक्रारीचा फोन नंबर लावून बघते. कधी तो गोदामाच्या वॉचमनकडे लागतो, कधी आयातदाराच्या मुलाकडे. एकदा बंदच होता. काही गिऱ्हाइकांना हे आवडत नाही, ‘‘नियमात फक्त छापायचं लिहिलंय’’ म्हणतात. पण ज्याने तीन हजारांचा स्पीकर घेतला आणि ज्याची बॅटरी फुगली, तो हाच नंबर लावणार आहे. बंद नंबर असला तर मी लेबल मंजूर करत नाही.

ओळखीचे लोक आता खरेदी करताना मला फोटो पाठवतात. मी त्यांना बीआयएस केअर ॲप घ्यायला सांगते. त्यात आर-नंबर टाकला की उत्पादकाचं नाव आणि पत्ता समोर येतो, तो खोक्यावरच्या पत्त्याशी ताडून बघायचा. शेजारच्या काकूंनी नातवासाठी घेतलेल्या इअरफोनचा नंबर त्यात सापडलाच नाही. त्या दुकानात परत गेल्या, ॲप दाखवलं, आणि दुकानदाराने दुसरा दिला.