पाय टेकले पाहिजेत

मनुष्याला कोणती हौस कोणत्या वयांत व्हावी, याचा कांहीं नियम नाहीं. माझ्या एका स्नेह्यांनीं पन्नाशींत सतार हातीं धरली. आमच्या वहिनी सत्तेचाळिसाव्या वर्षीं पोहावयास शिकल्या. आणि २०२२ सालीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, मला फटफटी घ्यावीशी वाटूं लागली. तीहि साधी नव्हे. ठेंगण्या बैठकीची, लांब अंगाची, जिच्यावर पाय पुढें सोडून ऐसपैस बसावयाचें आणि जिला ‘क्रूझर’ म्हणतात, तीच मला हवी होती. तोंपर्यंत माझी मजल वडिलांची लूना व मागाहून आलेली बिनगिअरची स्कूटर यांच्यापलीकडे गेलेली नव्हती!

आमचें घर कोरेगाव भीमा येथें, पुणें-नगर रस्त्यालगत. बाहेरचे लोक हें गांव १ जानेवारी १८१८ च्या लढाईवरून ओळखतात, आणि नदीपलीकडे पेरणे येथील जयस्तंभास वंदन करण्यासाठीं दर वर्षीं त्या तारखेस लाखों लोक येतात. आम्हां रहिवाशांचा रोजचा संबंध मात्र रस्त्याशीं. सणसवाडी आणि रांजणगांव येथील कारखान्यांचा माल, चाकणकडून शिक्रापुरास येऊन मिळणारे लांबच लांब ट्रक, कामगारांच्या बसगाड्या आणि उंसाचे ट्रॅक्टर, या साऱ्यांना हाच एक रस्ता. येथें चालणें थोडें आणि थांबणें फार. सणसवाडीस एका कारखान्यांत मी हिशेबाचें काम करतों. त्यामुळें या थांबण्याचा मला पुरेपूर अनुभव आहे.

दुचाकीच्या इतिहासांतहि या वाटेला मान आहे. एका टोंकाला पुण्याजवळ आकुर्डीचें बजाज, तर दुसऱ्या टोंकाला अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील कायनेटिकचा कारखाना. १९७२ सालीं निघालेल्या लूनेनें आमच्या वडिलांसारख्या किती तरी बेताच्या मिळकतीच्या माणसांना पायपिटींतून सोडविलें. क्रूझर गाडी ही मूळची अमेरिकेंतील लांब, सरळ रस्त्यांची. आपल्याकडे ती मध्यमवर्गीयांच्या आटोक्यांत आली ती बजाजनें कावासाकीच्या साह्यानें २००१ मध्यें ‘एलिमिनेटर’ काढली तेव्हां, आणि खऱ्या अर्थानें २००५ मध्यें तिची धाकटी बहीण ‘अव्हेंजर’ आली तेव्हां. मी त्या वेळीं अठ्ठावीस वर्षांचा होतों. गाडी आवडली होती. पण बोलण्याची सोय नव्हती.

अडचण घरांत होती. २००१ च्या पावसाळ्यांत पेरणे फाट्याजवळ माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, उजव्या पायावरून टेंपोचें चाक गेलें. तो वांचला; पण चार महिने अंथरुणांत गेले आणि पाय कायमचा अधू झाला. त्या वेळीं त्याच्याकडे एक जड, उंच मोटारसायकल होती. ती विकून टाकण्यांत आली. अपघात कसा झाला याची चौकशी घरांत झालीच नाहीं. कारण उत्तर सर्वांना ठाऊक होतें. तीस वर्षांचा तरुण, जड गाडी, वेग नडला! आईनें त्याच दिवशीं सांगून टाकलें कीं, या उंबरठ्याच्या आंत असली गाडी पुन्हां येणार नाहीं. दादानें तिचें म्हणणें कधीं खोडून काढलें नाहीं. ‘वेगानें पाय घेतला’ हें वाक्य आमच्या घरांतलीं मुलें पाढ्यासारखें शिकत मोठीं झालीं.

तरीहि एके रात्रीं जेवतांना मीं विषय काढला. आई म्हणाली, “मी आहें तोंवर नाहीं,” आणि ताक वाढावयास उठली. पत्नीनें विचारलें, “पण मागें साडीवाल्या बाईनें बसावयाचें कसें?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. क्रूझरची मागली बैठक पुढल्या बैठकीहून उंच व आखूड असते. एका बाजूस पाय सोडून बसणारीला ती अडचणीचीच. कायद्यानें मागल्या चाकाला आच्छादन व धरावयास कडी लागते हें खरें, परंतु कडी म्हणजे कांहीं आराम नव्हे. वहिनी त्या वेळीं कांहीं बोलल्या नाहींत. मागाहून मला बाजूस घेऊन म्हणाल्या, “भावजी, तुम्ही आणाल ती गाडी उद्यां याच्या हातीं येईल. तेवढें ध्यानांत ठेवून आणा.”

‘याच्या’ म्हणजे माझ्या पुतण्याच्या. तो सतरा वर्षांचा. अठरावें संपलें कीं गिअरच्या गाडीचा परवाना मागणार, हें सर्वांना दिसत होतें. काकानें काय केलें याचा दाखला तो देणार, हेंहि उघडच होतें. माझी हौस माझ्यापुरती उरली नाहीं ती अशी.

चार दिवसांनीं दादा आपण होऊन म्हणाला, “पाहावयास तर जाऊं.” आईनें त्याच्याकडे पाहिलें, पण ती कांहीं बोलली नाहीं.

मधल्या काळांत पुतण्यानें कागदावर आंकडे मांडून ठेवले होते. अखेर दोनच गाड्या उरल्या. एक रॉयल एनफील्डची ‘मीटिओर’. ती २०२० च्या नोव्हेंबरांत बाजारांत आली होती. इंजिन ३४९ सीसी, शक्ति सुमारें वीस अश्वशक्ति, वजन १९१ किलो, बैठकीची उंची ७६५ मिलिमीटर. दुसरी बजाजची ‘अव्हेंजर स्ट्रीट १६०’. तिची शक्ति पंधरा अश्वशक्तीच्या आसपास, वजन १५६ किलो, बैठक ७३७ मिलिमीटर. पुतण्याचा ओढा पहिलीकडे होता, आणि खरें सांगावयाचें तर माझाहि. तिच्या बाजूनें एक भक्कम मुद्दाहि होता. ब्रेक करकचून दाबला असतां चाक जागच्या जागीं अडूं न देणारी एबीएस नांवाची योजना तिच्या दोन्ही चाकांना होती. दुसरीच्या फक्त पुढल्या चाकाला. १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना अशी योजना २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीची झाली, ही मोठीच सुधारणा होय.

आम्ही तिघे पुण्यास गेलों. दोन दुकानांत दोन गाड्या पाहिल्या. विक्रेते शक्तीविषयीं, आवाजाविषयीं, रंगाविषयीं बोलत होते. दादा काठी टेकून उभा होता. त्यानें शक्ति विचारली नाहीं, किंमतहि विचारली नाहीं. मीटिओरवर मी बसल्यावर तो एवढेंच म्हणाला, “दोन्ही पाय टेक.”

टेकले.

“टांचा?”

माझी उंची पांच फूट चार इंच. टांचा बोटभर वर राहिल्या होत्या.

“आतां उतर, आणि दारापुढच्या उतारावरून ती मागें ओढून घे.”

इंजिन बंद करून मीं ओढूं पाहिलें. गाडी वीतभर हलली आणि माझ्याच अंगावर कलली. दुकानांतला मुलगा धांवून आला म्हणून बरें. दुसऱ्या दुकानांत तोच प्रयोग झाला. अव्हेंजरवर टांचा पुऱ्या टेकल्या, आणि धांपा टाकीत कां होईना, गाडी मीं एकट्यानें मागें घेतली. पुतण्या कंटाळला होता. तो म्हणाला, “बाबा, पण चालवतांना याचा काय उपयोग? वेगांत असतांना पाय थोडेच टेकावयाचे असतात?”

दादा म्हणाला, “अरे, मी वेगांत नव्हतोंच. मी थांबलेला होतों.”

मग दुकानाबाहेरच्या बांकावर बसून, एकवीस वर्षांनीं, त्यानें आम्हांला ती हकीकत सांगितली. पाऊस पडून गेला होता. पुढला ट्रक थांबला म्हणून तो रस्त्याच्या डाव्या कडेस थांबला. गाडी उंच, पायाचीं बोटेंच तेवढीं खालीं पोंचत. उजव्या पायाखालीं सैल खडी आली, बोटें सरकलीं, आणि गाडी सावकाश, अगदीं सावकाश, उजवीकडे कलली. ती सांवरण्याचें बळ त्याच्या अंगांत नव्हतें. पाय खालीं अडकला, आणि मागून आलेल्या टेंपोला ब्रेक लावण्याइतकी जागाच उरली नाहीं.

“मग घरीं कां सांगितलें नाहींस?” मीं विचारलें.

“धांवत्या गाडीवरून पडणाराला लोक निदान धाडसी तरी म्हणतात. उभ्या गाडीवरून पडणाराला काय म्हणतात? तिशींत होतों. मग सांगावयाचें राहून गेलें तें गेलेंच.”

त्या दिवसानंतर मीं या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. चालती गाडी बऱ्याच अंशीं स्वतःला सांवरते. फिरतीं चाकें आणि पुढल्या दांड्याचा कल यांमुळें ती सरळ राहूं पाहते. वेग पायीं चालण्याइतका उतरला कीं तें साह्य संपतें आणि सारा भार स्वाराच्या पायावर येतो. नवशिका बहुधा येथेंच पडतो. सिग्नलला थांबतांना, गल्लींत वळतांना, हँडल वळलेलें असतां पुढला ब्रेक दाबतांना त्याचा घात होतो; आणि पडतांना एबीएस कामास येत नाहीं, वीस अश्वशक्तीहि येत नाहींत. क्रूझर नवशिक्याला मानवते ती तिची बैठक ठेंगणी आणि वजन जमिनीलगत म्हणून, डौलासाठीं नव्हे. तिचे दोषहि आहेत. पाय पुढें असल्यामुळें खड्ड्यावर अंग उचलून धरतां येत नाहीं व धक्का थेट कमरेंत बसतो; अंग लांब म्हणून वळावयास जागा फार लागते. उंच, धट्टाकट्टा मनुष्य मीटिओर सहज पेलील, आणि त्याला ती अधिक योग्यहि ठरेल. परंतु दुसऱ्याच्या उंचीवर आपण गाडी घेऊं नये. आपण चालवूं कसे, हा प्रश्न पुढचा. थांबूं कसे, हा पहिला.

घरीं आल्यावर दादानें आईजवळ बसून तिला सर्व सांगितलें. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे इतकीं वर्षें मी उगाचच वेगाला शिव्या देत होतें?” आणि डोळ्यांना पदर लावला. थोड्या वेळानें मला हांक मारून विचारलें, “हिच्यावर तुझे पाय टेकतात ना?” तीच तिची परवानगी.

गाडी आली. शिकाऊ परवान्यावर मागें शिकविणाऱ्याखेरीज कोणास बसवावयाचें नसतें. तेव्हां महिनाभर, पहांटे, वढू बुद्रुककडे जाणाऱ्या रस्त्यावर मी एकटाच थांबावयास शिकत होतों. पक्का परवाना हातीं आल्यावर पहिल्यांदा मागें बसला तो दादा. दोघांनींहि हेल्मेटें घातलीं. वढूस संभाजी महाराजांच्या समाधीचें दर्शन घेऊन परततांना हमरस्त्याच्या तोंडाशीं एक ट्रक आडवा आला. मी थांबलों, आणि दोन्ही टांचा जमिनीवर टेकल्या. मागें दादाचा हात माझ्या खांद्यावर घट्ट आवळला होता; ट्रक निघून गेल्यावर तो हळूहळू सैल झाला. घरीं येईपर्यंत आम्ही दोघे कांहीं बोललों नाहीं.

पुढल्या वर्षीं पुतण्याला अठरा पूर्ण झालीं. परवान्याचा अर्ज भरण्यापूर्वीं दादानें त्याला आठ दिवस आमच्या अंगणांत बंद गाडी पुढें-मागें ढकलावयास लावलें. तो कुरकुरला, परंतु त्यानें तें केलें. आजी ओटीवर बसून पाहत होती, आणि गाडी कलली कीं, “पाय टेक, पाय टेक,” म्हणून त्याला बजावीत होती.