नवनगरातील शेजार

हुबळी आणि धारवाड या दोन शहरांची १९६२ साली एकच महानगरपालिका झाली. त्यांच्यामधील वीसेक किलोमीटरच्या हमरस्त्यावर वसलेली वसाहत म्हणजे आमचे नवनगर. या रस्त्याच्या मधोमध २०१८ पासून ‘चिगरी’ नावाची बस धावते. चिगरी म्हणजे हरिणी. नवनगरात बहुतेक बिऱ्हाडे नोकरीनिमित्त आलेली. आमचे घराणे तीन पिढ्यांचे धारवाडकर. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड.

काही वर्षांपूर्वी शेजारी मराठा पलटणीतील एका हवालदाराचे बिऱ्हाड आले. त्याची नेमणूक राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांना शिकविण्यासाठी झाली होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात असल्याने त्याला हा मुलूख अगदीच परका नव्हता. त्याची पत्नी मात्र सातारा जिल्ह्यातील खेड्यातून आलेली. शिपायाला बदलीच्या गावी निदान पलटणीची शिस्त आणि सोबती भेटतात. त्याच्या पत्नीला दर वेळी नवे गाव आणि नवी भाषा एकटीनेच पेलावी लागते.

आम्ही मराठी भेटलो म्हणून तिला हायसे वाटले. दूधवाला असो की भाजीवाली, तिच्या वतीने आमच्या सौभाग्यवतीच बोलत. यालाच आम्ही शेजारधर्म समजत होतो.

पुढे आम्ही एका लग्नाला परगावी गेलो असता, पतीही शिबिराला गेलेला, रात्री तिचे मूल तापाने फणफणले. तिने पलीकडच्या कन्नड आजींचे दार ठोठावले. पण तोंडातून शब्द फुटेना. तिने मूलच पुढे केले. आजींनी त्याच्या कपाळाला हात लावला, रिक्षा बोलावली आणि दवाखाना गाठला. मूल बरे झाले. आम्ही परतल्यावर ती म्हणाली, “काकू, आठ महिने झाले, पण त्या माउलीला साधी हाक मारायलाही मला येत नव्हते.”

त्या वाक्याने मी, मराठीचा एम. ए., मनातून खजील झालो. आमच्या मायेनेच तिची वाट अडविली होती.

त्यानंतर तिची दुपार आजींच्या स्वयंपाकघरात जाऊ लागली. तूप येथे ‘तुप्प’ आहे, थोरली बहीण दोन्हीकडे ‘अक्का’च आहे, हे कळताच तिची भीड चेपली. धारवाडी कन्नडातील आदराचा ‘री’ही तिने उचलला. होकाराला ‘हौदु’, पण वडीलधाऱ्यांशी ‘हौद्री’! तिचे मराठी यामुळे उणावले नाही. याच धारवाडचे कविवर्य द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी. १९७३ चे ज्ञानपीठ मात्र त्यांना ‘नाकुतंती’ या कन्नड काव्यसंग्रहासाठी मिळाले, आणि मराठीतही ते लिहीतच राहिले.

दोन वर्षांनी बदलीचा हुकूम आला. निघताना ती आजींच्या पाया पडून म्हणाली, “होगि बर्तेन्री.” म्हणजे, जाऊन येते हं. निरोप घेताना नुसते ‘जाते’ म्हणू नये, हा संकेत दोन्ही भाषांनी सारखाच जपला आहे. आजींनी पदराने डोळे टिपले.

परप्रांती स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांना म्हणूनच एक सांगावेसे वाटते. नवख्या मराठी बिऱ्हाडाला आधार अवश्य द्यावा. पण त्याच्या आणि शेजाऱ्याच्या मध्ये आपण उभे राहू नये. हात धरून त्याला शेजारच्या दारापर्यंत न्यावे, आणि मग हात सोडावा.