उकलणारा सांधा

जुन्या सागवानी खुर्चीचा पाय निखळून हातात आला. खाचेत मधाच्या रंगाचे कण दिसले, वाळून तडकलेला सरस. लाकडाला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. त्याच घरात, त्या खुर्चीच्या कितीतरी नंतर आलेली एक तिपाई मोडली, तेव्हा सांधा जागचा हलला नाही, पण शेजारचं लाकूड उभं फाटलं. खुर्ची संध्याकाळपर्यंत पुन्हा उभी राहिली. तिपाई बंबात गेली.

आजोळी ओसरीवर सुतारमामा कामाला बसत. सरसाच्या वड्या आदल्या रात्री पाण्यात पडायच्या आणि सकाळपर्यंत फुगून लिबलिबीत व्हायच्या. मग मोठ्या भांड्यात पाणी, त्यात लहान डबा, खाली निखारे. मामा तिथून हलत नसत. सरस उकळला की त्याचा जोर जातो. साठ अंशांच्या आसपास, बोट जेमतेम सोसेल एवढाच तो तापवायचा. कातड्या-हाडांचा तो वास आजीला सोसत नसे, म्हणून शेगडी ओसरीच्या पार टोकाला. फळ्या आधी उन्हात तापवलेल्या असायच्या, कारण गार लाकडावर सरस लागलीच थिजतो. दोन फळ्या एकमेकींवर घासत मामा मधली हवा आणि जास्तीचा सरस बाहेर काढत. घासता घासता फळ्या जड होत, मग अडत. अडल्या की सुंभाचा फेरा आणि त्यात काठी घालून पीळ. ओघळ गरम पाण्याच्या फडक्यानं पुसला की संपलं. इतकं देखणं काम मी नंतर फार थोडं पाहिलं.

१९५९ साली फेविकॉल आलं, आणि पुढे शेगडी गेली. कपाटं-दरवाजे करणाऱ्यांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण हा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली किंचित सरकत राहतो, सुकलेला सरस सरकत नाही. म्हणून व्हायोलिनचा वरचा पाट आजही सरसानं बसवतात, तोही मुद्दाम पातळ करून. दुरुस्तीच्या वेळी पातळ सुरी सरकवली की तो उघडतो. व्हायोलिनकार स्त्रादिवारीची तीनशे वर्षांपूर्वीची वाद्यं आज वाजतात, त्यात या उघडण्याचा वाटा मोठा आहे.

कुठे कुठला गोंद, हा प्रश्न विमानांनाही पडला. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान प्लायवूड आणि बाल्साचं होतं. सुरुवातीच्या विमानांचे सांधे दुधातल्या केसीनच्या गोंदाचे होते; पुढे दमट हवेत टिकणारा फॉर्मल्डिहाइडचा गोंद आला. आता त्याच विमानाचं छोटं मॉडेल मुलं टेबलावर बांधतात आणि सगळीकडे फेविक्विक ओततात. ते हवेतल्या ओलाव्यानं घट्ट होतं, त्याच्या वाफेनं पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धुरकटपणा चढतो आणि वैमानिकाची काच आंधळी होते. काचेला पांढरा गोंदच हवा. तो सुकल्यावर दिसतही नाही.

काहीही चिकटवण्यापूर्वी, ही वस्तू पुढे कुणाला उघडावी लागेल का, एवढं स्वतःला विचारा. साग तेलकट असतो, गोंद लावायच्या अगदी आधी तो थिनरनं पुसून घ्या. आणि पांढरा गोंद तासाभरात धरल्यासारखा वाटला तरी चोवीस तास त्या सांध्यावर भार टाकू नका.