झटका थांबतो कधी?

कनेरगाव नाक्याच्या आसपास रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेताला बारीक तार ओढतात. बांधावर बॅटरी, छोटं सोलर पॅनल आणि टक-टक करणारा डबा. हे झटका मशीन. मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांसाठी हाय-व्होल्टेज पल्स जनरेटर बनवतो. गावात कोणी काम विचारलं की सांगतो, "झटका मशीनच, पण जंतूंसाठी."

लोक हसतात, पण तत्त्व तेच आहे. कपॅसिटर हळूहळू भरायचा आणि क्षणात रिकामा करायचा. हंडा थेंबाथेंबानं भरून एकदम पालथा करावा, तसं.

पेशीचं आवरण जेमतेम ५ नॅनोमीटर जाड असतं. त्यावर साधारण एक व्होल्टचा ताण आला की त्याला सूक्ष्म छिद्रं पडतात. तेवढ्या वेळात बाहेरचा डीएनए आत जाऊ शकतो. झटका थांबला की छिद्रं बुजतात आणि पेशी जगते. १९८२ साली एबरहार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींत अशा रीतीनं जनुक घातलं. याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. कॅन्सरच्या गाठीत ब्लिओमायसिन हे औषध पोचवायलाही हाच झटका वापरतात, बहुधा १०० मायक्रोसेकंदांचे ८ पल्स.

पेशी जितकी लहान, तितकं विद्युतक्षेत्र मोठं लागतं. ई. कोलाय जंतूंसाठी १ मिलिमीटर अंतरावरच्या दोन पट्ट्यांमध्ये १८०० व्होल्ट द्यावे लागतात. २५ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये तेव्हा ४० जूल साठतात. ९ वॅटचा एलईडी बल्ब तेवढ्यावर साडेचार सेकंदही जळत नाही.

व्होल्टेज तयार करणं सोपं असतं, वेळेवर तोडणं अवघड. जंतू नीट धुतले नाहीत आणि पाण्यात मीठ राहिलं, तर करंट उसळतो, फट्‌कन ठिणगी पडते आणि नमुना वाया जातो. म्हणून डब्यानं ती उसळी ओळखून काही मायक्रोसेकंदांत स्विच बंद करायला हवा. माझे बहुतेक दिवस या बंद होण्यावरच जातात.

एकदा काकांनी विचारलं, "मशीनमधे हजारो व्होल्ट अन् माणूस वाचतो. आकड्याच्या तारेत २३० अन् माणूस जातो. असं कामून?"

प्रश्न साधा नव्हता. खांबावर आकडा टाकून थेट कुंपणात करंट सोडल्यानं माणसं मेल्याच्या बातम्या विदर्भ-मराठवाड्यात येतच असतात.

मशीनचा झटका सहसा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही छोटा असतो आणि पुढे सेकंदभर तार शांत असते. तेवढ्यात हात मागे घेता येतो. कुंपणाच्या मशीनसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादाच आहे: ५०० ओहमच्या भारावर एका झटक्यात जास्तीत जास्त ५ जूल. आकड्याच्या तारेला उसंत नाही. सेकंदाला ५० आवर्तनं, न थांबता. स्नायू आवळतात, हात सुटत नाही, हृदयाची लय बिघडते.

धोक्याच्या पाट्यांवर मात्र फक्त व्होल्ट लिहिलेले असतात.

काका म्हणाले, "हे आकडेवाल्याला सांग."

सांगायला हवंच. पण डुकरांनी एका रात्रीत उकरलेला त्याचा हरभराही खरा आहे आणि मशीनला लागणारे पैसेही. नुसतं 'मरशील' म्हटलं तर तो आकडा काढणार नाही. म्हणून मी आधी शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून एक मशीन घेण्याचा हिशोब मांडतो. मिलिसेकंदांचं नंतर सांगतो.