दुःखाला खूण नाही

गाळप चालू असलं की आमच्या मिल हाऊसमधी बोललेलं ऐकू येत नाही. सगळं हातानं. हात आडवा केला की गव्हाण बंद. अंगठा तोंडाकडं नेला की पाणी. मिशीवरनं बोट फिरवलं की मुकादम आला. पण दुःखाला खूण नाही. माझ्या जोडीदाराचं तान्हं पोर गेलं, तिसऱ्या दिवशी तो पाळीवर हजर. मी नजरेनं विचारलं. त्यानं हात आडवा केला. गव्हाण तर चालूच होती.

त्या मयतीला बारामतीच्या, इंदापूरच्या बाया आल्या होत्या. एस.टी.तनं उतरल्या तशा त्यांनी गळा काढला. ऊर बडवला, पोराच्या आईला कवळ्यात घेऊन झुलत राहिल्या. बापे मात्र लांब, लिंबाखाली उकिडवे, काडीनं माती उकरत. रात्री त्यातले निम्मे गुत्त्यावर. आमच्यात बाप्याचं दुःख बाटलीत जातं आणि बाईचा राग भांड्यांत. ती भांडी आपटते. नवऱ्याकडं नुसते डोळे वटारले तरी 'हिच्या अंगात आलं' म्हणत्यात. तिला रडायची मुभा, चिडायची बंदी.

हे वळण आभाळातनं पडलं नाही. गावानं आमच्या आज्या-पणज्याला वाकून जोहार घालायला लावला. बाहेर वाकलेला बाप्या घरात ताठ झाला, असं आपलं मला वाटतं.

बाबासाहेबांनी ही अंगावरची गुलामी ओळखली होती. 1927 च्या डिसेंबरात महाडला त्यांनी बायांना सांगितलं, लुगडं नेसायची तऱ्हा बदला, अस्पृश्यतेची खूण असलेले दागिने टाका. आणि ते स्वतः? 1917 साली बडोद्यात काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बिऱ्हाडातनं हुसकलं. कामाठी बागेत बसले तेव्हा त्यांना लेकरागत आईबाप आठवले. दोघंही तोवर वारलेले. तो प्रसंग आठवला की डोळ्यांत पाणी येतंच, हे त्यांनीच पुढं लिहून ठेवलंय. विलायत शिकून आलेल्या माणसाला ते लिहायची लाज वाटली नाही. दोस्तांनो, आपण पुतळ्याचं वर केलेलं बोट तेवढं घेतलं. बागेतले बाबासाहेब कुणी घेतले?

गेल्या साली इंदापुरात तहसील कचेरीवर मोर्चा होता. माझ्या धाकट्या बहिणीनं मूठ वर केली, घोषणा दिली. आपल्यातलाच एक जुना कार्यकर्ता मागं वळून म्हणाला, "ए पोरी, हात खाली घे. बाईमाणसाला बरं दिसतं का?"

तिनं नाही घेतला.